हळदीचा पिवळा, पैठणीचा वांगी : घरच्या प्रिंटरवर लग्नाचा अल्बम छापतानाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

ठाण्यातल्या एका घरात मे महिन्यात मुलीचं लग्न झालं. पहिल्या दिवाळसणाला मुलगी-जावई येतील तेव्हा त्यांच्या हातात अल्बम द्यायचा, आणि तो घरीच छापायचा, असं वडिलांनी ठरवलं. फोटो ३४, आकार ए४, प्रती दोन : एक माहेरी, एक सासरी. एकूण ६८ प्रिंट. गणपती उठल्यावर कामाला हात घातला, तेव्हा हाताशी साधारण सहा आठवडे होते.

घरात टाकीवाला सहा रंगांचा इंकजेट होता : काळा, सायन (हिरवट निळा), मॅजेंटा (जांभळट गुलाबी), पिवळा आणि जोडीला फिकट सायन व फिकट मॅजेंटा. शाई डायची, म्हणजे विरघळलेल्या रंगाची. सहापैकी दोन टाक्यांत, पिवळ्या आणि फिकट मॅजेंटात, लग्नाआधीच्या गडबडीत जवळच्या दुकानातली 'कॉम्पॅटिबल' (प्रिंटरच्या कंपनीची नसलेली) शाई ओतलेली होती. ही गोष्ट कोणाला महत्त्वाची वाटली नव्हती. पुढे ती फार महत्त्वाची ठरली. कागद १८० जीएसएमचा (चौरस मीटरला १८० ग्रॅम) स्वस्त 'हाय ग्लॉसी', शंभर पानांचा गठ्ठा. संगणक म्हणजे पाच वर्षांचा पंधरा इंची ऑफिसचा लॅपटॉप, त्यावर फोटोशॉप. फोटो दोन वाटांनी आलेले : मुलीच्या मामांनी मिररलेस कॅमेऱ्याने काढलेल्या रॉ फाइली (कॅमेऱ्याची कच्ची नोंद) आणि मांडवातल्या फोटोग्राफरने दिलेले जेपीजी.

रंगांची परीक्षा पाहायला लग्नाइतकं अवघड काही नसावं. हळद लागलेल्या चेहऱ्याचा पिवळेपणा हा दोष नसतो, तोच फोटोचा विषय असतो. झेंडूची तोरणं, हिरवा चुडा आणि मोत्यांच्या मुंडावळ्या, ज्या पांढऱ्या वाटतात पण नसतात. शिवाय सासरहून आलेली वांगी रंगाची पैठणी. निळ्या आणि लालाच्या मधला तो जांभळा स्क्रीनला नीट झेपत नाही आणि प्रिंटरलाही; त्यात दोघांची चूक वेगवेगळ्या दिशेला जाते.

तक्रार नेमकी काय होती

पहिल्या पंधरवड्यात तीन तक्रारी झाल्या. प्रिंट स्क्रीनपेक्षा काळपट येते, साडीच्या निऱ्या एकमेकींत मिसळून जातात. चेहरे लालसर मारतात, हळदीचा फोटो तर शेंदूर फासल्यासारखा दिसतो. आणि तिसरी, सगळ्यांत बुचकळ्यात टाकणारी : काही प्रिंट लालसर नाहीत, उलट निळसर आहेत. प्रिंटर तोच, कागद तोच, सेटिंगही तेच.

यावर वडिलांनी बहुतेक जण करतात तेच केलं. फोटो काळा आला की फोटोशॉपमध्ये उजळ केला, लाल आला की लाल कमी केला, निळा आला की पिवळा वाढवला. फोल्डरमध्ये 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'फायनल खरं' अशा फाइली जमल्या. त्रेचाळीस कागद खर्च झाले आणि पसंत पडलेल्या प्रिंट होत्या दोन. त्यातली एक दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी पाहिल्यावर नापसंत ठरली.

या प्रकरणातला सर्वांत महाग निर्णय हाच होता : बिघाड कुठे आहे हे न शोधता फोटोच बदलत राहणं. नळाला गढूळ पाणी येतंय म्हणून हंडा घासत बसण्यासारखं ते झालं. शिवाय मूळ फाइलींवरच सेव्ह केल्यामुळे अकरा जेपीजी कायमचे बिघडले. ते फोटोग्राफरकडून पुन्हा मागवावे लागले.

शोध : एका वेळी एकच गोष्ट

इथे इंकजेट छपाईची माहिती असलेल्या एका नातेवाइकाने हस्तक्षेप केला. ठरलं असं की लग्नाचा एकही फोटो आता छापायचा नाही. आधी वाट तपासायची.

पहिली पायरी नोझल चेकची, म्हणजे शाईची बारीक छिद्रं चालू आहेत का हे दाखवणारी जाळी छापण्याची. जाळीत फिकट मॅजेंटाच्या दोन रेघा तुटलेल्या निघाल्या. एकदा हेड क्लीनिंग (त्या छिद्रांतून शाई सोडून ती साफ करणं) केल्यावर जाळी सलग आली. (नसती आली तर लागोपाठ दोन-तीनपेक्षा जास्त वेळा क्लीनिंग करू नये; सहा ते बारा तास प्रिंटर बंद ठेवून मग पुन्हा पाहावं. प्रत्येक क्लीनिंगची शाई आतल्या वेस्ट पॅडमध्ये जाते आणि पॅड भरला की प्रिंटर अडून बसतो.) पण गंमत अशी की क्लीनिंगनंतर चेहरे आणखी लाल आले. वडिलांना वाटलं, साफ करून उलट बिघडलं. प्रत्यक्षात फिकट मॅजेंटा कमी पडत असल्यामुळे खरा लालसरपणा अर्धवट झाकला गेला होता. दोन चुका एकमेकींना सांभाळून घेत होत्या. एक काढली तशी दुसरी उघडी पडली. अशा वेळी मागे फिरायचं नसतं. नोझल पूर्ण चालू असणं हा पाया. त्याच्या आधी केलेलं कुठलंही निरीक्षण ग्राह्य धरू नये.

दुसरी पायरी करड्या पट्टीची. फोटोशॉपमध्ये एसआरजीबी (स्क्रीन आणि जेपीजींची नेहमीची रंगचौकट) कागदपत्र उघडून काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत एकवीस चौकोनांची पट्टी केली. प्रत्येक चौकोनात लाल, हिरवा, निळा तिन्ही आकडे सारखे : ०-०-०, १३-१३-१३, पुढे २५५ पर्यंत. ही पट्टी छापली तर ती करडीच यायला हवी. आली ती गुलाबी, मधल्या छटांत तर स्पष्ट जांभळट. एवढ्या एका कागदाने प्रश्न निम्मा सोडवला. करड्यालाच झाक येत असेल तर लालसरपणा फोटोंचा नाही. दोष छपाईच्या वाटेत आहे.

तिसऱ्या पायरीवर तो सापडला. फोटोशॉपच्या प्रिंट खिडकीत 'फोटोशॉप मॅनेजेस कलर्स' निवडलेलं होतं आणि प्रिंटरचं प्रोफाइलही (ही शाई या कागदावर कुठला रंग कसा उमटवते याचा नकाशा) लावलेलं होतं. हे बरोबरच. पण ड्रायव्हरमध्ये (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) रंगदुरुस्ती 'ऑटोमॅटिक'वर तशीच राहिली होती. म्हणजे फोटोशॉपने रंग प्रिंटरच्या भाषेत एकदा भाषांतरित करून दिले, आणि ड्रायव्हरने ते मूळ भाषेतले समजून पुन्हा एकदा भाषांतरित केले. दुहेरी रंगव्यवस्थापन म्हणतात ते हेच. घरच्या छपाईत लालसर-मॅजेंटा झाक येण्याचं हे सगळ्यांत नेहमीचं कारण आहे. ड्रायव्हरच्या 'मोअर ऑप्शन्स'मध्ये जाऊन कलर करेक्शन 'कस्टम', त्यात 'अ‍ॅडव्हान्स्ड' आणि शेवटी 'नो कलर अ‍ॅडजस्टमेंट' केलं. (कंपनीप्रमाणे शब्द बदलतात, काहींत फक्त 'ऑफ' किंवा 'नन' असतं.) करडी पट्टी पुन्हा छापली. गुलाबीपणा जवळजवळ गेला; उरली ती सावल्यांमध्ये बारीकशी हिरवट झाक.

एक सूचना इथेच. बरेच ड्रायव्हर कागदाचा प्रकार किंवा दर्जा बदलला की रंगाचं सेटिंग गुपचूप ऑटोमॅटिकवर नेतात. म्हणून हे सगळं एकदा बसवलं की ड्रायव्हरमध्ये प्रीसेट म्हणून साठवावं आणि तरीही प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला उघडून पाहावं. या प्रकरणात पुढे हीच चूक पुन्हा झाली.

निळ्या प्रिंटांचं कोडं

निळसर प्रिंटांचं कारण प्रिंटरमध्ये नव्हतं. फाइलींच्या वेळा पाहिल्या तेव्हा दिसलं की लालसर आलेल्या फोटोंवर शनिवार-रविवारी दुपारी काम झालं होतं, आणि निळसर आलेल्यांवर रात्री, जेवणानंतर. लॅपटॉपवर नाइट लाइट रात्री नऊला आपोआप सुरू होत असे. स्क्रीन पिवळट होई, फोटो पिवळा वाटे, म्हणून त्यातला पिवळा कमी केला जाई. कागदावर उतरताना स्क्रीनचा पिवळेपणा सोबत येत नाही, फक्त कमी केलेला पिवळा येतो. नाइट लाइट बंद केला, बॅटरी वाचवण्यासाठी दृश्यानुसार उजेड कमी-जास्त करणारी स्क्रीनची सोय बंद केली, आणि लॅपटॉप चार्जरवर ठेवूनच काम करायचं असा नियम केला.

काळपटपणाचं कारणही स्क्रीनच. लॅपटॉपचा ब्राइटनेस पूर्ण होता. अशा स्क्रीनचा पांढरा साधारण २५० कँडेला प्रति चौरस मीटर (उजळपणाचं माप) भरतो. प्रिंट पाहिली जायची ती हॉलमधल्या ट्यूबखाली. घरातल्या टेबलावर रात्री दीड-दोनशे लक्स (पडणाऱ्या प्रकाशाचं माप) उजेड असेल तर कोरा पांढरा कागद ४५ ते ६० कँडेलाच परत देतो. म्हणजे तुलना चौपट उजेडाच्या पांढऱ्याशी चालली होती. प्रिंट काळी नव्हती. स्क्रीन फाजील उजळ होती आणि तिच्यावर बघून फोटो गरजेपेक्षा गडद ठेवले जात होते.

यंत्राशिवाय हे जुळवण्याची साधी पद्धत आहे. ज्या उजेडात प्रिंट पाहणार तिथे छपाईचाच कोरा कागद स्क्रीनशेजारी धरायचा, स्क्रीनवर पूर्ण पांढरं पान उघडायचं आणि दोन्ही पांढरे सारखे वाटेपर्यंत ब्राइटनेस खाली आणायचा. पहिले दहा मिनिटं स्क्रीन मरगळलेली वाटते. मग डोळे सरावतात.

तरीही लॅपटॉपची एक मर्यादा उरतेच. ऑफिसच्या स्वस्त लॅपटॉपांवर '४५ टक्के एनटीएससी' (जुन्या टीव्ही मानकातल्या रंगांच्या ४५ टक्के) म्हणून विकले जाणारे पॅनल असतात. ते एसआरजीबीच्या जेमतेम ६०-६५ टक्के रंग दाखवतात. केशरी, लाल, झेंडूचा पिवळा त्यांच्यावर फिका दिसतो, मग माणूस सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) वाढवतो आणि कागदावर तोच रंग भडक होऊन येतो. सुदैवाने मुलाचा घरून काम करायचा चोवीस इंची आयपीएस मॉनिटर घरात होता, एसआरजीबीच्या जवळपास शंभर टक्क्यांचा. पुढचं सगळं काम त्यावर हलवलं.

पर्याय काय होते

दुहेरी दुरुस्ती काढली, स्क्रीन आटोक्यात आली, तरी सावल्यांतली हिरवट झाक होती. प्रिंटरसोबत येणारं तयार प्रोफाइल कंपनीची शाई आणि कंपनीचा कागद या जोडीसाठी बनवलेलं असतं. इथे कागद परका, दोन शाया परक्या. यातून वाटा चार निघत होत्या.

पहिली, फाइली एसआरजीबीत करून सरळ डिजिटल लॅबला देणं. खरं सांगायचं तर निव्वळ खर्चाच्या हिशेबात ही सर्वांत शहाणपणाची वाट होती. वडिलांनी ती नाकारली, कारण घरी छापण्याचा हट्ट होता. एक रास्त कारणही होतं : लॅबच्या यंत्रावर 'ऑटो करेक्शन' चालू राहिलं तर ते हळदीच्या चेहऱ्याला दोष समजून नॉर्मल करून टाकतं. 'दुरुस्ती करू नका' असं स्पष्ट सांगता येतं, पण प्रत्येक वेळी ते पाळलं जाईलच असं नाही.

दुसरी वाट म्हणजे ड्रायव्हरमधल्या सायन-मॅजेंटा-पिवळ्याच्या पट्ट्या सरकवून झाक काढणं. ही फुकट आहे आणि फसवी आहे. पट्टी सगळ्या छटांना सारखीच ढकलते. झाक फक्त सावल्यांत असेल तर सावली सुधारते आणि चेहरा बिघडतो. तीन कागद घालवून ही सोडून दिली.

तिसरी : कंपनीचा स्वतःचा ग्लॉसी कागद आणि तयार प्रोफाइल. वीस पानांचं पाकीट आणून पाहिलं. फरक डोळ्यांत भरण्याइतका होता. स्वस्त १८० जीएसएम कागद कास्ट-कोटेड जातीचा. त्यात शाई आत मुरते, काळा राखाडी पडतो, पावसाळी हवेत कागद वळतो. कंपनीचा कागद रेझिन-कोटेड, शाई वरच्या थरात धरून ठेवणारा. काळा खरोखर काळा आला. पण करड्या पट्टीत मधल्या छटा अजून किंचित हिरवट होत्या, म्हणजे संशय शाईवर.

चौथी वाट, आपल्याच प्रिंटर-शाई-कागद या त्रिकुटाचं स्वतंत्र प्रोफाइल करून घेणं. त्यासाठी स्पेक्ट्रोफोटोमीटर (छापलेले रंग मोजणारं यंत्र) लागतो. स्क्रीनचं कॅलिब्रेशन करणारा कलरीमीटर कागद वाचू शकत नाही. ही गल्लत करून लोक चुकीचं यंत्र विकत घेतात. यंत्र विकत घेण्याची गरज नव्हती. रंगचौकोनांचा तक्ता छापून कुरिअरने पाठवला की प्रोफाइल करून देणारी माणसं आहेत.

मुख्य पेच : भेसळीची शाई

चौथी वाट धरायची तर आधी शाईचं ठरवायला हवं होतं. टाकीत कंपनीची आणि दुकानातली शाई मिसळलेली. प्रोफाइल हा आजच्या मिश्रणाचा फोटो असतो. उद्या टाकीत नवी शाई ओतली की मिश्रण बदलतं आणि प्रोफाइल शिळं होतं.

टाक्या रिकाम्या करून, हेड धुऊन सहाही रंग नवे भरणं हा शुद्ध मार्ग. पण टाकीवाल्या प्रिंटरमधून शाई काढणं हे घरी करायचं काम नाही. नळीत हवा शिरली तर दुरुस्ती वेगळी. दिवाळी तीन आठवड्यांवर. म्हणून हिशेब केला. ए४ भरून फोटोला सगळे रंग मिळून साधारण एक ते दीड मिलिलिटर शाई लागते; ६८ प्रिंटना शंभरेक मिलिलिटर. चेहऱ्यांमुळे आणि फिक्या छटांमुळे त्यातला मोठा वाटा फिकट मॅजेंटा आणि फिकट सायनचा. टाक्यांच्या खुणा पाहिल्या : सगळ्यांत कमी असलेल्या फिकट मॅजेंटातही निम्म्याच्या आसपास शाई होती. पुरणार होती. निर्णय झाला : आहे त्याच भेसळीचं प्रोफाइल करायचं, मध्ये एक थेंबही न ओतता सगळ्या ६८ प्रिंट एका दमात काढायच्या.

हा निर्णय बरोबर होता का? या मुदतीत, हो. फक्त त्यामुळे अल्बम पूर्ण होईल तोवरच हे प्रोफाइल खरं राहणार, हे त्याच वेळी कागदावर लिहून ठेवायला हवं होतं. तसं झालं नाही.

केलेली कामं

कागद बदलला : २६० जीएसएमचा रेझिन-कोटेड ग्लॉसी, एकाच बॅचची पाकिटं. स्वस्त गठ्ठा 'चाचणीसाठी' ठेवू असा विचार होता. तो सोडला, कारण दुसऱ्या कागदावरची रंगचाचणी काहीच सांगत नाही. चाचणीसाठी त्याच २६० जीएसएम कागदाचे चार-चार तुकडे कापले.

तक्ता ए४च्या दोन पानांवर होता, नऊशेच्या आसपास चौकोनांचा. तो छापताना कुठलंच रंगव्यवस्थापन नको. प्रिंटरची कच्ची वागणूकच मोजायची असते. फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्यांत तशी सोय उरलेली नाही, म्हणून अ‍ॅडोबीचं कलर प्रिंटर युटिलिटी वापरलं. पहिला तक्ता वाया गेला : कागदाचा प्रकार बदलताना ड्रायव्हर पुन्हा ऑटोमॅटिकवर गेला होता. तोच मघाचा खड्डा. दुसऱ्या वेळी तक्ता बरोबर आला. तो २४ तास उघडा वाळू दिला, कारण डायचे रंग छापल्यावर काही तास सरकत राहतात आणि ओला तक्ता मोजला तर ते सरकणं प्रोफाइलमध्ये जाऊन बसतं. मग दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून पाठवला. पाचव्या दिवशी प्रोफाइलची फाइल आली.

मधल्या काळात मॉनिटर उसन्या कलरीमीटरने जुळवला : पांढरा ६५०० केल्विन (उजेडाच्या छटेचं माप; आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर), गॅमा (मधल्या छटा किती उजळ ते ठरवणारा आकडा) २.२, उजेड १०० कँडेला. प्रिंट पाहायची जागाही ठरवली. हॉलमधली एलईडी ट्यूब 'कूल डेलाइट', म्हणजे ६५०० केल्विनची, आणि रंगदर्शनात कमकुवत. अशा दिव्यांत गडद लाल मेल्यासारखा दिसतो, कुंकू तपकिरी वाटतं. प्रोफाइलचं गणित ५००० केल्विनचा उजेड धरून केलेलं असतं. खास दिवा न घेता सकाळी दहा-अकराच्या सुमारास उत्तरेकडच्या खिडकीपाशी, थेट ऊन टाळून, पाहायचं ठरलं.

मग फोटोंकडे. मामांच्या रॉ फाइलींत व्हाइट बॅलन्स (फोटोत तटस्थ पांढरं-करडं कशाला मानायचं ते) ठरवताना वडिलांनी रंग उचलायचा ड्रॉपर मुंडावळ्यांवर ठेवला आणि अख्खा फोटो निळा झाला. मोती मलईच्या रंगाचे असतात. त्यांना 'पांढरं' ठरवलं की बाकी सगळं निळं होणारच. भटजींचं उपरणं, नवऱ्या मुलाचा कद, अक्षता, यांतलं काहीही तटस्थ नसतं. त्यातल्या त्यात अंतरपाट बरा, पण नव्या पांढऱ्या सुती कापडातली नीळ आणि ब्राइटनर फ्लॅशखाली निळसर चमकतात. शेवटी मांडवातल्या खुर्च्यांचे करड्या रंगाचे लोखंडी पाय सापडले आणि तेच प्रमाण धरलं. हळदीच्या फोटोंना तोच आकडा जसाच्या तसा लावला. ऑटो लावलं असतं तर हळद धुतली गेली असती.

झेंडूच्या तोरणांचं दुखणं वेगळं. एसआरजीबी जेपीजीत झेंडूच्या पाकळीचा लाल आकडा २५५ ला टेकतो आणि निळा शून्यावर बसतो. पाकळ्यांमधल्या घड्या जातात आणि केशरी चिखल उरतो. हा रंग खरं तर प्रिंटरच्या पिवळ्या शाईच्या आवाक्यात बऱ्यापैकी येतो. तो हरवतो तो मधल्या एसआरजीबीच्या अरुंद दारात. म्हणून असे चार फोटो रॉमधून प्रोफोटो आरजीबीत (एसआरजीबीपेक्षा खूप रुंद रंगचौकट), १६ बिटमध्ये (जास्त बारीक छटांसह) काढले. पाकळ्या परत आल्या. फोटोग्राफरच्या जेपीजींतल्या तोरणांना मात्र उपाय नव्हता. त्यातला एक फोटो यादीतून काढून दुसरा घेतला.

शेवटी सॉफ्ट प्रूफ, म्हणजे प्रिंट कशी येईल ते स्क्रीनवरच पाहणं : फोटोशॉपच्या 'प्रूफ सेटअप'मध्ये नवं प्रोफाइल लावून कंट्रोल-वाय. 'सिम्युलेट पेपर कलर' दाबल्यावर चित्र मळकं दिसतं आणि लोक घाबरून बंद करतात. त्या क्षणी नजर दुसरीकडे वळवून मग पाहावं. आवाक्याबाहेरचे रंग बसवण्यासाठी बहुतेक फोटोंना 'रिलेटिव्ह कलरिमेट्रिक' पद्धत आणि ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन (फोटोतला काळा कागदाच्या काळ्याशी जुळवणं) ठेवलं, कारण ते आवाक्यातले रंग हलवत नाही आणि त्वचा जागेवर राहते. तोरणांच्या चार फोटोंना 'पर्सेप्चुअल', जे सगळेच रंग थोडे आकसून घेतं पण पाकळ्यांमधला चढउतार राखतं.

पैठणी मॉनिटरवर वांगी दिसायची आणि चाचणीच्या तुकड्यावर निळी उतरायची. आवाक्याबाहेरचा जांभळा छापताना प्रिंटर त्याची लाली सोडतो. घरातली खरी पैठणी काढून खिडकीपाशी तुकड्यासोबत धरली. फक्त साडीचा भाग निवडून ह्यू (रंगछटा) लालाकडे सहा अंश सरकवली, सॅच्युरेशन दहाने उतरवलं. स्क्रीनवर ती थोडी चुकीची दिसू लागली, कागदावर बरोबर. अशा ठिकाणी बाजू कागदाची घ्यावी. अर्थात उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असलेल्या रेशमाची धूपछाव फोटोत एकाच कोनातून गोठते. साडी हलवली की जुळलेला रंग पुन्हा सुटतो. तिथे थांबायचं असतं.

निष्पत्ती

छपाई तीन दिवसांत झाली, रोज सुरुवातीला नोझल चेक आणि करड्या पट्टीचा एक तुकडा. ६८ प्रिंटांमागे वाया गेले नऊ कागद. त्यातले दोन रंगामुळे, बाकीचे रोलरच्या खुणा आणि एकदा कागद उलटा घातल्यामुळे. प्रत्येक प्रिंटवर साधा कागद ठेवून दिवसभर वाळवलं आणि मगच अल्बमच्या प्लॅस्टिक पाकिटांत घातलं. घाई केली असती तर शाईतले उडायचे राहिलेले द्राव प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला धुक्यासारखे बसले असते.

दिवसाच्या उजेडात करडी पट्टी करडी होती, हळद हळदीची होती. ट्यूबखाली त्याच प्रिंट किंचित थंड आणि कुंकू काहीसं मंद दिसत होतं. तो दिव्याचा गुण, प्रिंटमध्ये त्यावर उतारा नाही. विहीणबाईंनी पैठणीच्या फोटोवर बोट ठेवून रंग ओळखला, यापेक्षा मोठी पोच या कामाला नव्हती.

काय वेगळं करता आलं असतं

करडी पट्टी पहिल्या दिवशी छापली असती तर त्रेचाळीसपैकी बहुतेक कागद वाचले असते. तिला एक चतुर्थांश पान आणि पाच मिनिटं लागतात. मूळ फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवून मगच हात लावायला हवा होता. लग्नात मामांच्या खिशात करडं कार्ड असतं आणि विधीच्या प्रत्येक जागी त्याचा एकेक फोटो काढला असता, तर खुर्चीचे पाय शोधायची वेळ आली नसती.

कागद आधी निवडून मग बाकीचं करणंही सोपं पडलं असतं. इथे क्रम उलटला : आधी स्वस्त कागदावर फोटो सुधारले, मग कागद बदलला, तेव्हा सुधारलेलं सगळं फुकट.

शाईची बाब मात्र अल्बमनंतर अंगाशी आली. जानेवारीत सासरहून आणखी चार प्रिंटांची मागणी आली. तोवर फिकट मॅजेंटाच्या टाकीत कंपनीची शाई ओतून झाली होती. वडिलांनी तेच प्रोफाइल, तोच कागद, तोच प्रीसेट वापरला आणि चेहरे अल्बममधल्यापेक्षा गुलाबी आले. या वेळी फोटोला हात न लावता त्यांनी आधी करडी पट्टी छापली आणि ऑक्टोबरातल्या तुकड्याशेजारी धरली. मधल्या छटांतला फरक लगेच दिसला. उरलेल्या पाच टाक्या जमतील तशा कंपनीच्याच शाईने भरत जायच्या, पिवळ्यातली भेसळ पुरती पातळ होईपर्यंत नवा तक्ता पाठवायचा नाही, असं ठरवून त्या चार फाइली त्यांनी एसआरजीबीत लॅबला दिल्या, पाकिटावर ठळक अक्षरांत 'रंगदुरुस्ती करू नये' लिहून. करड्या पट्टीचे दोन्ही तुकडे, तारखांसह, आता प्रिंटरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेले आहेत.